मोनीबायच्या सुकेळ्यांचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. ब्राँझचा, तळहाताएवढा आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. कधीकाळी माझ्या एका बाजूला हातात पानांचा मुकुट घेतलेली एक बाई होती. आधी तिचं नाक गेलं, मग डोळे, मग मुकुट. आता नीट निरखून पाहिलं तर एक ढेकूळ दिसतं, तीच ती बाई. तुम्हाला वाटेल, बिचारा कुठे अडगळीत पडला असेल, कोणी विचारलं नसेल. छे! माझी जेवढी काळजी घेतली तेवढी अख्ख्या वटार गावात कोणाची घेतली गेली नसेल. त्या काळजीनेच माझी ही दशा केली. आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट कडू आहे. गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म अमेरिकेतला, फिलाडेल्फिया शहरातला. साल अठराशे शहात्तर. त्या देशाला स्वतंत्र होऊन शंभर वर्षं झाली होती. त्याचा सण म्हणून त्यांनी मोठं प्रदर्शन मांडलं आणि सगळ्या जगाला बोलावणं धाडलं, की तुमच्याकडे जे उत्तम असेल ते घेऊन या. आणि जग गेलं हो! एका दालनात तर चारमजली घराएवढं वाफेचं इंजिन उभं केलं होतं. ते एकटं बाकीची सगळी यंत्रं फिरवायचं आणि लोक त्याच्यासमोर टोपी काढून उभे राहायचे. आपल्या हिंदुस्थानचा माल होता एका कोपऱ्यात, इंग्रजांच्या झेंड्याखाली. सण दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याचा आणि आमच्या पेट्यांवर शिक्का आमच्या मालकांचा. हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा. शाली, हस्तिदंत आणि कोरीवकामाच्या त्या गर्दीत एक साधी लाकडी पेटी होती. तिच्यात होती वसईची सुकेळी.

सुकेळी म्हणजे काय ते आता वसईतल्या मुलांनाही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. राजेळी नावाची केळी असते. लांब, जाड सालीची, तब्येतीने नाजूक. तिचा घड गवतात पिकवायचा, केळी सोलायची आणि चटईवर उन्हात घालायची. रोज दुपारी एकेक केळं हाताने उलटायचं. संध्याकाळी सगळी गोळा करून पानांत झाकायची, सकाळी परत मांडायची. सात-आठ दिवसांनी केळं आक्रसतं, मधासारखा रंग धरतं. मग केळीच्या वाळक्या पानात गुंडाळून तिच्याच खोडाच्या सोपटाच्या दोऱ्याने बांधायचं. ना साखर, ना मीठ. नुसतं ऊन आणि हात. त्यात हात महत्त्वाचा. मळक्या हाताने उलटलेलं सुकेळं चौथ्या दिवशी बुरशी धरतं.

आमच्या पेटीतली सुकेळी वटारच्या मोनीबायने केली होती. माल गोळा करत फिरणाऱ्या कारकुनाने तिच्या नवऱ्याला विचारलं, "कोणी केली रे?" नवरा सरळ माणूस. म्हणाला, "बायकोने." कारकुनाने तेच नाव लिहून टाकलं. पेटी महिनोन्महिने बोटीतून गेली, समुद्राच्या दमट हवेतून गेली. तिकडच्या परीक्षकांनी ती उघडली तर एक सुकेळं खराब नाही. त्यांनी खाल्लं, पुन्हा खाल्लं आणि बिल्ला देऊन टाकला. माझ्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत कोरलं गेलं, मोनी, वटार. बस्स, एवढंच. पण त्या दोन शब्दांचा मला काय तोरा होता म्हणून सांगू!

मी वटारला पोचलो तेव्हा चर्चमधल्या फादरनी माझ्या पाठीवरचं वाचून दाखवलं. मोनीबायने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. ह्या घरची बोली वेगळी आहे, तुम्हाला कळावी म्हणून मी तुमच्या भाषेत सांगतो. ती म्हणाली, "पेटी परत नाही आली ती?"

"नाही गो," फादर म्हणाले, "खाल्ली त्यांनी सगळी."

"मग ठीक," ती म्हणाली आणि मला घरातल्या आल्तारावर क्रुसाच्या पायाशी ठेवून वाडीत निघून गेली. मला जरा रागच आला. एवढ्या लांबून आलो, नीट पाहिलंही नाही बाईने!

पुढे तिची थोरली सून घरात आली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती सुकेळ्यांच्या चटईकडे निघाली, तर मोनीबायने तिला अडवलं. "हात बघू. छी! चुलीचं काळं आहे नखांत. तो बिल्ला घे आणि चिंच लावून घास. बिल्ला निघेल आणि तुझे हातही निघतील." सुनेने विहिरीजवळच्या दगडावर बसून चिंचेच्या कोळाने आणि राखेने मला घासलं. सासूने मला उन्हात धरलं. माझ्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. "जा आता," ती म्हणाली, "लाव हात."

झालं! मोनीबायला पाहिजे होते स्वच्छ हात. पण ती गेल्यावर घरात रीतच पडली. नवी सून आली की तिसऱ्या दिवशी तिने मला घासायचं. सासूला माझ्यात आपला चेहरा दिसला की सून पास. तोवर तिने सुकेळ्यांना शिवायचं नाही. शिवाय दर वर्षी गावच्या सणाच्या आदल्या दिवशी मेणबत्त्यांच्या पितळी ठाणव्यांबरोबर माझी घासणी वेगळीच. हात कशासाठी धुवायचे ते सगळे विसरले, बिल्ला चमकवायचा तेवढं राहिलं. प्रत्येक सून आधीच्या सुनेपेक्षा जास्त जोर लावायची. माझ्या पाठीवरचं नाव दर लग्नाला थोडं थोडं उथळ होत गेलं. इंग्रजी वाचणारं तेव्हा घरात कोणी नव्हतं आणि पुढे जे वाचायला शिकले त्यांनी मला कधी उलटा करून पाहिलं नाही. माझ्याबरोबर आलेला कागद होता, तो वाळवीने कधीच फस्त केला.

मग एकोणीसशे अडुसष्ट साली ह्या घरात कॅथरिन आली. एकोणीस वर्षांची, सडपातळ, हाताला चटपटीत. तिची सासू मात्र महा कडक. कॅथरिनने मला घासून दिलं, सासूने परत केलं. पुन्हा घासलं, पुन्हा परत. "माझं तोंड दिसत नाही ह्यात," सासू म्हणाली आणि ओटीवर बसलेल्या पाहुण्या बायका फिदीफिदी हसल्या. कॅथरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या वेळी ती मला पदराखाली घेऊन विहिरीच्या मागे गेली. तिथे कळंबच्या किनाऱ्यावरून आणलेल्या रेतीचा ढीग होता. तिने मूठभर रेती घेतली आणि दात-ओठ खात मला घासलं. आई गं! अंगाची नुसती सालटी निघाली. रेतीपुढे ब्राँझची काय टिच्चून राहायची ताकद! पाठीवरचं मोनीबायचं नाव त्या दुपारी गेलं. राहिल्या त्या केसाएवढ्या खुणा. सासूला माझ्यात स्वतःच्या पापण्यासुद्धा दिसल्या. कॅथरिन पास झाली. रेतीची गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही. ती फक्त तिला ठाऊक आणि मला.

पण एक कबूल करतो, त्या घरात कॅथरिनसारखी सुकेळी दुसऱ्या कोणाला जमली नाहीत. नवरा गेला, मुलगा कॉन्रॅड मुंबईत नोकरीला लागला, शेजाऱ्यांनी राजेळी काढून भाजीपाला लावला, तरी ही बाई हटली नाही. गावात शेवटी राजेळीची अठ्ठावीस बेटं उरली, ती सगळी हिच्या वाडीत, बावखलाच्या काठाने. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्या पाण्यावरच ती नखरेल राजेळी टिकायची.

एकवीस वर्षांपूर्वी कॉन्रॅडचं लग्न झालं आणि ब्रेंडा घरात आली. नायगावच्या शाळेत शिक्षिका, हसरी, बोलकी. तिसऱ्या दिवशी कॅथरिनने मला तिच्यासमोर ठेवलं आणि चिंचेची वाटी पुढे सरकवली. ब्रेंडा सहज म्हणाली, "आई, चिंचेने कशाला? भांडी चमकवायचं लिक्विड मिळतं, मी उद्या शाळेतून येताना घेऊन येते." तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो! पण कॅथरिनने मला उचललं, वाटी उचलली आणि म्हणाली, "राहू दे. तुला नाही जमायचं."

ते "राहू दे" एकवीस वर्षं चाललं. ब्रेंडाने घर सांभाळलं, सासूच्या गुडघ्याला तेल चोळलं, तिला आठवड्याला डॉक्टरकडे नेलं. पण सुकेळ्यांच्या चटईजवळ ती गेली की कॅथरिन म्हणायची, "तू नको. तू बिल्ला घासलेला नाहीस." ब्रेंडा हसून बाजूला व्हायची. आत जाऊन तिचं हसू कसं उतरायचं ते मी आल्तारावरून पाहिलेलं आहे.

गेल्या काही वर्षांत कॅथरिनची बोटं वाकडी झाली. मला घासणं बंद पडलं आणि मी काळा पडलो. तुम्हाला सांगतो, दीडशे वर्षांत मला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती.

तेवढ्यात नव्या रस्त्याची मोजणी आली. आराखड्यातली रेघ नेमकी बावखलावरून आणि अठ्ठावीस बेटांवरून गेली होती. कॉन्रॅडने नायगावला एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. तो म्हणाला, "आई, आपलं काही चालणार नाही. बुडातले मुनवे काढून दुसरीकडे लावू."

"कुठे?" कॅथरिन म्हणाली. "तुझ्या नायगावच्या फ्लॅटच्या गॅलरीत?"

शेजारचे ॲन्सेल्म सर, निवृत्त मास्तर, तिच्या मदतीला आले. जुनी लागवड, जुना वारसा असलेली वाडी असं सिद्ध झालं तर रेघ थोडी सरकवता येईल, असं त्यांना कचेरीत सांगितलं होतं. सरांनी त्या प्रदर्शनाची जुनी छापील यादी शोधून काढली. तिच्यात नुसतं "वसई, सुकी केळी" एवढंच. वाडी कुठली, बाई कोण, काही नाही. मग त्यांनी मला खिडकीत नेलं, तिरप्या उन्हात धरलं आणि भिंग लावलं. माझ्या पाठीवरच्या त्या केसाएवढ्या खुणांत तीन वर्षांचं काळं बसलं होतं आणि त्या काळ्यामुळेच अक्षरं अंधूक उमटली होती.

सर ओरडलेच, "कॅथरिन! मोनी लिहिलंय गं! आणि खाली वटार!"

कॅथरिनने छातीवर क्रूस केला. सरांनी मोबाइलवर फोटो काढून पाहिले, पण त्यात अक्षरं येईनात, नुसता डाग दिसे. ते म्हणाले, "हरकत नाही. कचेरीतल्या साहेबांना इथेच आणतो आणि भिंगातून दाखवतो. पण ऐक, ह्याला आता कपडासुद्धा लावायचा नाही. आहे तसाच ठेव." कॅथरिनने मान हलवली. ब्रेंडा तेव्हा शाळेत होती. घरी आल्यावर तिला कोणी काही सांगितलं नाही. बिल्ल्याला ती कुठे हात लावते, असं कॅथरिनला वाटलं असेल.

साहेब उद्या येणार असं ठरलं. ब्रेंडाला एवढंच कळलं की मोठी माणसं बिल्ला बघायला येणार आणि त्यावर वाडीचं राहणं-जाणं ठरणार. शाळेतून लवकर येऊन तिने आल्तारावर नजर टाकली. मी काळाकुट्ट. कॅथरिन वाडीत होती. ब्रेंडाने पदर खोचला. ह्या वेळी तिने लिक्विड आणलं नाही हो! चिंच भिजवली, शेजारून चुलीतली राख मागून आणली, विहिरीजवळच्या त्याच दगडावर बसली आणि नारळाच्या काथ्याने मला घासत राहिली. घासता घासता माझ्याशी बोलत होती. "आज बघ कसा चमकवते तुला. आजपर्यंत राहिलं ते राहिलं." मी ओरडून सांगणार होतो, थांब गं बाई! पण माझ्या तोंडून आवाज कुठला निघायला?

कॅथरिन परत आली तेव्हा ब्रेंडाने मला दोन्ही हातांवर ठेवून तिच्यासमोर धरलं. कॅथरिनला माझ्यात आपला चेहरा दिसला. सुरकुतलेला, ऐंशीला टेकलेला. सरांचं बोलणं तिला आठवलं नसेल? आठवलं असणार. तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मला उलटं करून पाठ पाहायला कितीसा वेळ लागला असता! तिने पाहिलं नाही. एकवीस वर्षं ती ह्या दिवसाची वाट बघत होती आणि तो दिवस तिला नासवायचा नव्हता, असं मला वाटतं.

"जमलं गो तुला," ती म्हणाली. "चल, सुकेळी उलटायची आहेत."

त्या संध्याकाळी दोघी चटईवर बसल्या. कॅथरिनने तिला केळं कसं धरायचं, अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. ब्रेंडा पोरीसारखी हसत होती. "आई, हे फाटलं!" "फाटू दे, ते तू खा." त्या घरातला तेवढाच एक सुखाचा प्रसंग मी पाहिला. तो खोट्यावर उभा होता, पण होता खरा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, बरोबर एक तरुण मदतनीस. ॲन्सेल्म सरांनी मोठ्या दिमाखात भिंग पुढे केलं आणि मला उलटं केलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मदतनीस म्हणाला, "सर, हे तर प्लेन आहे. काहीच नाहीये ह्याच्यावर."

"काल होतं," सर पुटपुटले. "परवापर्यंत होतं हो."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मला दोनदा फिरवून पाहिलं. म्हणाला, "शोभेची वस्तू छान आहे. पण कागदावर मी काय लिहू?" तेवढ्यात त्याच्यासमोर सुकेळ्यांची बशी आली. त्याने एक खाल्लं आणि डोळे मिटले. "वा! हे कुठे मिळतं?" जाताना चार पुड्या बांधून मागून घेतल्या. मित्रांनो, मागच्या दारी अठ्ठावीस बेटं उभी होती, पन्नास पावलांवर. दीडशे वर्षांची जिवंत साक्ष! तिकडे तो गेलासुद्धा नाही. त्याला नाव पाहिजे होतं आणि ते माझ्या पाठीवर पाहिजे होतं.

गाडी वळल्यावर सर खुर्चीत बसले. "कॅथरिन, मी तुला सांगितलं होतं ना? कोणी घासलं?"

कॅथरिनने बोट वर केलं आणि ब्रेंडाकडे रोखलं. "हिने."

एवढंच. काल संध्याकाळचं काही नाही. मूठभर रेतीचं तर नाहीच नाही. ब्रेंडाच्या हातातली बशी खाली पडली. ती म्हणाली, "आई, मला कोणी सांगितलंच नव्हतं." कॅथरिन उठून आत गेली.

रस्ता झाला. आधी बावखलात डबर टाकलं, मग राजेळीवर यंत्र फिरलं. अर्धा दिवससुद्धा लागला नाही. कॉन्रॅडने चार मुनवे बादल्यांत लावून नायगावला नेले, ते महिन्याभरात सडले. कॅथरिनही नायगावला आली. सातव्या मजल्यावर खिडकीशी बसायची, ब्रेंडाच्या हातचं जेवायची आणि तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. शेवटच्या आजारात ब्रेंडा तिच्या उशाशी बसून म्हणाली, "आई, माझ्या हातून वाडी गेली. मला माफ करा." रेतीचं एक वाक्य बोलायला हवं होतं त्या बाईने. फक्त एक! तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पाच दिवसांनी ती गेली. तिला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या पाच दिवसांची मी तिला माफी देणार नाही.

आता मी त्या फ्लॅटमधल्या काचेच्या कपाटात आहे. ब्रेंडा रोज सकाळी शाळेत जाण्याआधी माझ्यासमोर उभी राहते. कधी कधी स्वतःचे हात बघते. कॉन्रॅड म्हणतो, "सोड ना आता." ती "हो" म्हणते आणि उद्या पुन्हा उभी राहते.

माझ्यासारख्यांनी शेवटी तुम्हाला काहीतरी विनवायचं असतं. जपा, सांभाळा, पुसून ठेवा, असं काहीबाही. मला तसलं काही नको. माझं एकच काम करा. नायगावच्या शाळेत चौथीला ब्रेंडाबाई शिकवतात. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या वर्गात असेल तर मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जा. त्यांना कॅथरिनच्या रेतीची गोष्ट सांगा, अडुसष्ट सालची, विहिरीमागची. आणि म्हणा, बाई, नाव त्याच दुपारी गेलं होतं. तुम्ही धुतलीत ती नुसती घाण होती.